काम कायमचं, नोकरी तात्पुरती

भद्रावतीत मुलाच्या लग्नाची बोलणी सुरू झाली, की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला तो प्रश्न येतोच. "पोरगा काय करते?" "कंपनीत हाय." "पक्का हाय, का ठेकेदारीत?" आणि मग मुलाचा बाप जो एक श्वास घेतो, त्या श्वासात बरंच काही असतं. मुलगा पहाटे पाचला उठून पहिल्या पाळीला जातो, मे महिन्याच्या ४५ अंशांच्या उन्हात लोखंडावर काम करतो, घरात पगार आणतो. तरी त्याच्या नोकरीचं नाव घेताना आवाज खाली जातो.

या भागात अशी घरं मोजता येणार नाहीत इतकी आहेत. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं माजरी क्षेत्र, भद्रावतीची आयुध निर्माणी, वरोऱ्याकडचे खासगी वीजप्रकल्प, चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं महाऔष्णिक केंद्र, घुग्घुस-गडचांदूरचे सिमेंट कारखाने आणि आता गडचिरोलीतलं सुरजागड-कोनसरीचं लोखंड. यातल्या बहुतेक ठिकाणी एकाच फाटकातून दोन प्रकारची माणसं आत जातात. काहींचं नाव कंपनीच्या पटावर असतं, काहींचं ठेकेदाराच्या. कोळशाची भुकटी दोघांच्या अंगावर सारखीच बसते. दर एक-दोन वर्षांनी टेंडर निघतं, ठेकेदार बदलतो, गेटपास नवा होतो. माणूस तोच, बेल्ट तोच, राख उपसण्याचं काम तेच. काम कायमचं आणि नोकरी तात्पुरती, ही विसंगती दहा-दहा वर्षं अंगावर वागवणं सोपं नाही. ती वागवताना मोडून कसं पडू नये आणि तिच्यातून बाहेर कसं निघावं, याची जुळणी या प्रकरणात करू.

नेमकं काय खुपतं?

"नोकरीत मन लागत नाही" या एका वाक्यात चार वेगळी दुखणी लपलेली असतात. पहिलं पैशाचं: शेजारी उभा असलेला पटावरचा कामगार तेच काम करून कितीतरी जास्त घेऊन जातो. दुसरं अनिश्चिततेचं: पुढच्या टेंडरमध्ये नाव राहील का? तिसरं कामाचं: आयटीआय फिटर केलेल्या मुलाच्या हातात वर्षानुवर्षं फावडंच असतं. चौथं मानाचं: कॅन्टीनमधली वेगळी रांग, नावाऐवजी "ए ठेकेदारवाल्या" अशी हाक.

ही चारही एकत्र दुखत असली, तरी प्रत्येकावरचा इलाज वेगळा आहे. पैशाचं दुखणं कधी कधी हक्क मागून हलकं होतं. अनिश्चिततेवर बचत आणि दुसरी वाट हे औषध आहे. कामाच्या दुखण्यावर प्रमाणपत्र आणि विभागबदल. मानाच्या दुखण्याला मात्र सोबती लागतात. ते एकट्याने बरं होत नाही. अमेरिकी संशोधक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. नुसत्या जास्त कामाने माणूस खचतोच असं नाही. कामाचा रेटा मोठा आणि त्या कामावर स्वतःची सत्ता अगदी थोडी, ही जोडी त्याला पोखरते. ठेकेदारीत नेमकी हीच जोडी असते. म्हणून पहिलं काम असं, की एका कागदावर ही चार दुखणी लिहायची आणि सगळ्यांत जास्त कोणतं दुखतं त्यावर खूण करायची. इलाज तिथून सुरू करायचा.

सगळी कंत्राटं एकसारखी नसतात

कंत्राटी म्हटलं की आपण सगळ्यांना एकाच पोत्यात घालतो. खरं तर प्रत्येक कंत्राटाचा शेवट वेगळा असतो, आणि तो पहिल्याच दिवशी वाचून घ्यायला हवा.

महावितरणचा विद्युत सहायक पहिली तीन वर्षं मानधनावर, कंत्राटी पद्धतीने असतो. ती वर्षं नीट पार पडली की तो नियमित तंत्रज्ञ होतो. शिक्षण सेवकाचंही तसंच, तीन वर्षं मानधन आणि मग शिक्षकपद. या कंत्राटांच्या टोकाला दार आहे, आणि ते जाहिरातीतच लिहिलेलं असतं. इथे धीर धरण्यात शहाणपण आहे.

दुसरा प्रकार भद्रावतीच्या माणसाला शिकवावा लागत नाही. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातल्या ४१ आयुध निर्माण्या सात सरकारी कंपन्यांत वाटल्या गेल्या, आणि चांदा आयुध निर्माणी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आली. त्यानंतर इथे स्फोटकांच्या इमारतींत काम करणाऱ्या 'डेंजर बिल्डिंग वर्कर'च्या जागा मुदतीच्या तत्त्वावर निघू लागल्या. आयुध निर्माण्यांतच शिकाऊ उमेदवारी केलेल्या मुलांसाठी ही भरती असते. आधी एक वर्ष आणि वाढवत नेली तर जास्तीत जास्त चार. पगार ठेकेदारीपेक्षा बरा, काम जोखमीचं, आणि शेवट ठरलेला. इथे आत शिरतानाच चार वर्षांनंतरचा विचार करावा लागतो.

तिसरा प्रकार प्रशिक्षणाचा. २०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिक्षणानुसार महिना ६ ते १० हजार रुपये विद्यावेतन ठरलं. मुदत आधी सहा महिन्यांची होती, पुढे ती अकरा महिने झाली. ती नोकरी नव्हे, पण कार्यालयातल्या कामाचा दाखला देणारी संधी आहे.

आणि चौथा प्रकार खासगी ठेकेदाराच्या पटावरचा. याच्या टोकाला लिहिलेलं काहीच नसतं, आणि बहुतेक जण इथेच वाट पाहत बसतात.

वाट पाहणं ही योजना नव्हे

"दहा वर्षं झाली, आता कधी ना कधी घेतीलच." या आशेवर कितीतरी घरं उभी आहेत. ती आशा कायद्याच्या उजेडात पाहिली पाहिजे, मग ते कितीही कठोर वाटो.

कंत्राटी कामगारांसाठीचा मूळ कायदा १९७० चा. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एअर इंडियाच्या प्रकरणात असा निकाल दिला होता, की एखाद्या कामात कंत्राटी पद्धतीला बंदी झाली की तिथले कामगार मूळ आस्थापनेत आपोआप सामावले जातात. पण २००१ मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात घटनापीठाने ते मत बदललं. आपोआप सामावून घेणं नाही. मात्र ठेका हा नुसता देखावा होता असं सिद्ध झालं, तर तो कामगार मूळ आस्थापनेचाच मानला जाईल. १० एप्रिल २००६ च्या उमादेवी निकालाने सरकारी कार्यालयांतलं दार आणखी अरुंद केलं: केवळ खूप वर्षं काम केलं म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही.

दार पूर्ण बंद झालं असंही नाही. २० डिसेंबर २०२४ रोजी 'जग्गो विरुद्ध भारत सरकार' हा निकाल आला. केंद्रीय जल आयोगात सफाई आणि बागकाम करणारे हे लोक होते. वर्षानुवर्षं राबल्यावर २०१८ मध्ये त्यांना काढलं आणि तीच कामं बाहेरच्या ठेक्यावर दिली. न्यायालयाने त्यांना परत घेऊन नियमित करायला सांगितलं. काम कायमस्वरूपी गरजेचं होतं आणि ते खंड न पडता केलं होतं, ही गोष्ट तिथे वजनदार ठरली.

या निकालांतून आपण घ्यायचं ते असं: वाट पाहिल्याचा मोबदला कोणी देत नाही, काम केल्याचा पुरावा मात्र उपयोगी येतो. पुरावा ठेवणारा माणूस न्यायालयात उभा राहू शकतो, कामगार कार्यालयात उभा राहू शकतो, आणि नव्या नोकरीच्या मुलाखतीतही उभा राहू शकतो. ज्याच्याजवळ कागद नाही त्याची दहा वर्षं ठेकेदाराच्या रजिस्टरबरोबर जातात.

आज हातात काय आहे

दुसरी नोकरी शोधायची म्हणून आजच्या नोकरीतला हक्क सोडायचा नसतो. उलट, तो मिळवला तर शोधाला बळ येतं.

ठेकेदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे ज्याच्या आवारात काम चालतं त्या आस्थापनेवर येते. ही तरतूद १९७० च्या कायद्यात होती आणि नव्या संहितेतही आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांनुसार नियुक्तिपत्र द्यावं लागतं, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यावा लागतो आणि जादा कामाचा दर दुप्पट असतो. थेट मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्या माणसाला एका वर्षाच्या सेवेनंतरही ग्रॅच्युइटी मिळते. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची एक छोटी तरतूद आहे: कंत्राटी कामगाराने मागितलं, तर त्याने कोणतं काम केलं ते नमूद करणारा अनुभवाचा दाखला ठेकेदाराने दिला पाहिजे. संहितेतलं ठेकेदारीचं प्रकरण पन्नास किंवा अधिक कंत्राटी कामगार असलेल्या ठिकाणी लागू होतं, हे ध्यानात ठेवावं.

कोळसा खाणीतल्यांसाठी आणखी एक गोष्ट. कोल इंडियाच्या ठेक्यांवर खाणकाम करणाऱ्यांचे दर उच्चाधिकार समितीने २०१३ पासून वेगळे ठरवले आहेत, आणि ते साध्या किमान वेतनापेक्षा जास्त आहेत. आपल्या कामाला तो दर लागू होतो का, हे विचारायला लाजू नये.

पीएफकडे नीट पाहावं. आपल्या पगारातून १२ टक्के कापले जातात आणि मालकाकडून तेवढेच यावे लागतात. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शनकडे वळतात. त्यासाठी पगाराची मर्यादा १५ हजार धरली जाते. ठेकेदार बदलला तरी यूएएन क्रमांक एकच राहतो. दोन चुका वारंवार होतात. पहिली, दर ठेक्याच्या शेवटी पैसे काढून घेणं. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. सगळं काढून घेतलं की मागची वर्षं पुसली जातात आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. पैसे नव्या खात्यात वळवले तर ती जुळतात. दुसरी चूक, जुन्या ठेकेदाराने काम सुटल्याची तारीख भरली की नाही हे न बघणं. तीच नसेल तर सगळं अडतं. खाण सोडून इतर कारखान्यांत, २१ हजारांपर्यंत पगार असेल तर, कर्मचारी राज्य विमा लागू होतो. त्यासाठी आपल्या पगारातून फक्त पाऊण टक्का जातो आणि घरातल्यांचाही दवाखाना होतो.

तक्रार कुठे करायची? कोळसा खाण किंवा केंद्राची कंपनी असेल तर केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे. राज्याचं वीजकेंद्र किंवा खासगी कारखाना असेल तर सर्वसाधारणपणे राज्याच्या कामगार कार्यालयाकडे. एकट्याने गेलेला माणूस पुढच्या टेंडरला गळतो, ही भीती खोटी नाही. म्हणून अर्ज पाच-दहा जणांच्या सहीने द्यावा. आपल्या शेजारच्या दल्ली-राजहऱ्यात, भिलाईच्या लोहखनिज खाणींवर, १९७७ मध्ये कामगारनेते शंकर गुहा नियोगी यांच्याबरोबर संघटना बांधणारे ठेकेदारीतलेच कामगार होते. पुढे त्याच कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद हॉस्पिटल उभं राहिलं. मान एकट्याने मिळत नाही, तो इथे सोबतीने मिळाला.

आणि सुरक्षिततेत कधीही तडजोड नको. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या जागी स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांत ठेकेदाराने आणलेले आसपासच्या गावांतले मजूर होते. हेल्मेट, बूट, कामाआधीची सूचना मागणाऱ्याला कोणी नखरेल म्हटलं तरी चालेल. नोकरी सोडून दुसरीकडे जायचं आहे, तर आधी जिवंत आणि धड राहायचं आहे.

मारिएंथलचा धडा

१९२९-३० च्या मंदीत ऑस्ट्रियातल्या मारिएंथल या छोट्या गावातली कापडगिरणी बंद पडली आणि जवळपास सगळं गाव बेकार झालं. संशोधक मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्या गावाचा अभ्यास केला; १९३३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. कुणालाही वाटेल, रिकामा वेळ मिळाल्यावर लोक वाचतील, एकत्र येतील, चळवळ करतील. झालं उलटं. वाचनालयात पैसे पडत नव्हते, तरी पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलं. रस्त्याने चालणाऱ्या पुरुषांचा वेग मंदावला, ते वाटेत पुन्हा पुन्हा थांबू लागले.

याहोदाने पुढे सांगितलं, की नोकरी पगाराखेरीज पाच गोष्टी देते: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, सगळ्यांनी मिळून काही करत असल्याची जाणीव, समाजातलं स्थान आणि हातापायांना नेमाने काम. ही यादी घेऊन आपल्या ठेकेदारीच्या नोकरीकडे पाहावं. दिवसाला आकार ती देते. माणसं देते. काम देते. तिथे कमी पडतं ते स्थान आणि सामायिक हेतू. म्हणजे ही नोकरी पूर्ण रिकामी नाही. जे मिळतं ते घ्यायचं आणि उरलेल्या दोन गोष्टी फाटकाबाहेर उभ्या करायच्या. गावाच्या वाचनालयात, भजनी मंडळात, कबड्डीच्या संघात, धाकट्या पोरांची स्कॉलरशिपची तयारी घेताना माणसाला स्थान मिळतं. तिथे कोणी गेटपास विचारत नाही.

भद्रावतीत याचा जुना धडा आहेच. कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी इथे उभ्या केलेल्या ग्रामोदय संघाने कुंभाराच्या पिढीजात कामाला नवी भट्टी आणि नवी झिलई दिली. चाक तेच होतं, पण हाताला नवं कसब आलं, आणि कसब कुणाच्या टेंडरबरोबर संपत नाही.

मन फार भरून आलं तर लिहावं. १९९० च्या दशकात अमेरिकेत नोकरी गेलेल्या अनुभवी अभियंत्यांवर मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. काहींनी पाच दिवस रोज वीस मिनिटं नोकरी गेल्याचा राग, अपमान, भीती मोकळेपणाने कागदावर उतरवली. आठ महिन्यांनी पाहिलं तर त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना नोकरी लागली होती. न लिहिणाऱ्यांत हे प्रमाण बरंच कमी होतं. अर्ज त्यांनी जास्त केले नव्हते. मनातली आग कागदावर उतरल्यामुळे ती मुलाखतीत बाहेर पडत नव्हती, असं संशोधकांना वाटलं. शंभर पानी वही आणि पेन एवढ्यात होणारा हा उपाय आहे.

घरात मात्र खरं सांगावं. बायकोला, आईला, सासऱ्याला ठेक्याची मुदत माहीत असली तर तीन महिन्यांच्या खर्चाची शिल्लक सगळं घर मिळून उभी करतं. लपवली तर मोटरसायकलचा हप्ता एकट्याच्या छातीवर बसतो.

शोध: हात, कागद आणि ओळखी

हातातलं काम कागदावर आणणं ही शोधाची पहिली पायरी. अर्जात "हेल्पर म्हणून काम केले" असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. "औष्णिक केंद्राच्या कोळसा हाताळणी विभागात तीन वर्षं, कन्व्हेयरचे रोलर बदलणे, बेल्टचे सांधे जोडणे, वार्षिक दुरुस्तीत रात्रपाळीच्या टोळीबरोबर काम" असं लिहिलं की माणूस उभा राहतो. ठेकेदाराचं नाव आणि मूळ कारखान्याचं नाव, दोन्ही लिहावीत. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

दुसरी पायरी, फाटकाबाहेर चालणारं प्रमाणपत्र. विजेचं काम करणाऱ्याला तारतंत्रीचा परवाना, बॉयलरवर राबणाऱ्याला बॉयलर अटेंडंटची परीक्षा, खाणीत असलेल्याला गॅस टेस्टिंग आणि मायनिंग सरदार, डंपरवर बसणाऱ्याला अवजड वाहनाचा परवाना. यातल्या कित्येक परीक्षांना प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो, आणि तो तर आपण रोज कमावतो आहोत. हा अनुभव फुकट जाऊ द्यायचा नसेल तर दाखला वेळेवर मागायला हवा. ठेका संपून ठेकेदार निघून गेल्यावर सही कुठे शोधणार?

तिसरी पायरी ओळखींची. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी लागलेल्या लोकांना विचारलं, की ज्याने ही खबर दिली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? नेहमी भेटणाऱ्याकडून खबर मिळालेले १७ टक्क्यांच्या आसपास निघाले. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. कारण सोपं आहे. रोज संध्याकाळी टपरीवर बसणाऱ्या मित्रांना आपल्याला ठाऊक आहे तेवढंच ठाऊक असतं. नवी खबर येते ती आयटीआयच्या जुन्या निदेशकाकडून, बुटीबोरीला गेलेल्या वर्गमित्राकडून, वार्षिक दुरुस्तीला बाहेरगावाहून आलेल्या फोरमनकडून. महिन्यातून दोन अशा माणसांना फोन करावा. नोकरी मागू नये, "तुमच्याकडे सध्या कोणती कामं निघतात, कोणतं प्रमाणपत्र लागतं?" एवढंच विचारावं.

चौथी पायरी तारखेची. राज्य सरकारी पदांसाठी सर्वसाधारण वयोमर्यादा खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३ आहे. कित्येक पदांना ती याहून कमी असते. म्हणून स्वतःची एक तारीख ठरवावी: या परीक्षा इतके प्रयत्न, या वयापर्यंत, त्यानंतर परवान्याची वाट. आठवड्याला सहा तास पुरेत, पण ते पाळीच्या वेळापत्रकात आधीच लिहिलेले हवेत. रात्रपाळीच्या आठवड्यात अभ्यास होत नाही. त्या आठवड्यात अर्ज भरावेत, फोन करावेत. शरीराशी भांडून शोध टिकत नाही.

आपली हजेरी आपण भरावी

आता सगळं एका वस्तूत गोळा करू. एक जाड पुठ्ठ्याची वही घ्यावी. डाव्या पानावर रोजची हजेरी: तारीख, पाळी, जागा, केलेलं काम, जादा तास. उजव्या पानावर त्या दिवशी नवीन शिकलेली एखादी गोष्ट, भेटलेला नवा माणूस. मागच्या कप्प्यात प्रत्येक गेटपासची, पगारपावतीची, पीएफ पासबुकाची झेरॉक्स. रोज पाच मिनिटांचं काम.

पगार थकला तर ही वही कामगार कार्यालयात बोलेल. ठेका बदलला तर दाखल्याचा मजकूर तिच्यातून निघेल. मुलाखतीत "तुम्हाला काय येतं?" असं विचारलं तर उत्तर आधीच लिहून झालेलं असेल. कधी ठेका देखावा होता हे सिद्ध करायची वेळ आली, तर हुकूम कोण देत होतं आणि काम कोणाचं होतं, हेही तिच्यात सापडेल. आणि ज्या रात्री वाटेल की सगळी वर्षं वाया गेली, त्या रात्री तिची पानं उलटता येतील.

मग पुन्हा कधी कुणी दारात बसून विचारेल, "पक्का हाय, का ठेकेदारीत?" बापाने तेव्हा श्वास घेऊन थांबू नये. "ठेकेदारीत हाय. बॉयलरची परीक्षा देते यंदा," असं सरळ सांगावं. पोराची वही त्याने पाहिलेली असेल, तर हे सांगताना त्याचा आवाज खाली जाणार नाही.